तळाचं बूच

त्या रविवारी मी होडीच्या डाव्या धाकटीच्या पोटात आडवी पडले होते. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात पाना आणि नाकात ताज्या राळेचा वास. बाहेर, बोटभर जाडीच्या भिंतीपलीकडे, बाबा होडीखाली उताणे झोपून बोल्ट पिळत होते. बोल्ट त्यांच्या बाजूला, नट माझ्या बाजूला. नट पान्यात घट्ट धरून ठेवायचा, म्हणजे तो बोल्टाबरोबर गरगर फिरत नाही. माझं काम एवढंच.

"आहेस का?" बाबा बाहेरून विचारायचे.

मी पान्याने दोनदा ठोकायची. ठक ठक. म्हणजे आहे, धरलाय, पिळा.

हे लहानपणापासूनचं. पहिल्यांदा असल्या पोटात शिरले तेव्हा मी "हो" म्हणाले होते आणि माझाच आवाज चारी बाजूंनी अंगावर आला होता. तेव्हापासून मी ठोकायला लागले. बाबांनी कारण विचारलं नाही. ते समोरच्याची सवय कामाचा भाग म्हणून धरून चालायचे.

बाबांच्या होडीला तीन पोटं होती. मधली मोठी, तिला ते थोरली म्हणत. दोन्ही बाजूंना आडव्या दांड्यांनी जोडलेल्या दोन सडपातळ धाकट्या, आणि मधल्या मोकळ्या जागेत ताणून बसवलेली जाळी. असली होडी शिडाच्या जोरावर पाण्याला जेमतेम शिवत पळते. पण तिची एक खोड आहे. एकपोटी होडीच्या तळाला जड शिसं असतं, ती पडली तरी आपोआप उठते. दोन किंवा तीन पोटांची एकदा पालथी झाली की तशीच राहते.

"सरळ असताना जेवढी सुखात, तेवढीच उलटी असताना," बाबा वर्गात सांगायचे. "तिला उठायची काही घाई नसते. आपल्यालाच तिची समजूत घालावी लागते."

ते होड्या बांधायचे, दुरुस्त करायचे आणि धक्क्याच्या आतल्या शांत पाण्यात लोकांना शिकवायचे. बाकीचे शिक्षक पहिल्या दिवशी होडी चालवायला शिकवत, बाबा पहिल्या दिवशी ती उलटवायला लावत. चालवायचं नंतर. म्हणून सगळे त्यांना उलटे मास्तर म्हणत, तोंडावरसुद्धा.

त्या रविवारी ते धाकटीच्या तळाला भोक पाडून बसले होते. मुद्दाम. भोकाला कडं, कड्यात आट्यांचं बूच. होडी सरळ असताना हे बूच पाण्याखाली, घट्ट बंद, कोणाच्या लक्षातही येणार नाही असं. पण होडी पालथी झाली की तळ वर येतो आणि बूच आपल्या पायाशी, हवेत. मग ते काढायचं. धाकटीच्या पाठीवर एक झाकण असतं, ते आता पाण्याखाली गेलेलं असतं, तेही उघडायचं. खालून पाणी आत शिरतं, वरून हवा बाहेर पळते. धाकटी भरते, बुडते, ती बाजू खाली जाते, दुसरी वर उचलली जाते आणि होडी कुशीवर येते. मग बूच परत लावायचं आणि दोर धरून मागे झुकायचं. वजन पुरेसं असेल तर ती उठते.

"मास्तर, सगळं जग होडीची भोकं बुजवतं," शेडच्या दुसऱ्या टोकाकडून शीडकाका म्हणाले. ते शिडं शिवायचे, बाबांचे तरुणपणापासूनचे मित्र, आणि शेडचा अर्धा भाग त्यांच्या कापडाने व्यापलेला असायचा. "तुम्ही एकटेच पाडता."

"तुझ्या शिडांना नसतात का भोकं?"

"ती उंदरांची. त्यांचं श्रेय मी घेत नाही."

"आहेस का?" बाबांनी मला विचारलं.

ठक ठक.

"ती आहे हो. तिचा तरी काय इलाज," काका म्हणाले. "एवढी शिकलेली पोरगी. आठवडाभर लोकांच्या पुस्तकांतल्या चुका काढते, आणि रविवारी बापाच्या चुकीत जाऊन झोपते."

बाबा हसले. मग पाना थांबला. शेवटचा एक बोल्ट राहिला होता. दारातून येणारा उजेड तिरका झाला होता आणि मला शहराकडे जाणारी बस गाठायची होती.

"राहू दे," बाबा म्हणाले. "एकाने काही बिघडत नाही, खाली चिकटवण भरपूर आहे. ये बाहेर."

मी झाकणातून अंग काढत होते तेव्हा ते कपड्याला हात पुसत उभे होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या आईला सांगणार आहे, पोरीला सारखी पाठवत जाऊ नकोस म्हणून. सहा दिवस डोळे फोडतेस आणि सातव्या दिवशी इथे अंधारात. पुढच्या वेळेपासून काकाचा कारागीर घेतो मदतीला. तू आपली घरी बसून वाच."

मला उत्तर सुचलं होतं. वाक्य मला लगेच सुचतं. मग मी ते तपासायला लागते. यातला हा शब्द जास्त होतोय का, हा काढता येईल का. तेवढ्यात वेळ निघून जाते. मी गुडघे झटकले आणि "येते" म्हणाले.

"ये," बाबा म्हणाले. "सावकाश जा."

बुधवारी ते एकटेच होडी घेऊन बाहेर पडले. हवा चांगली होती. दुपारी खाडीच्या तोंडापाशी वाऱ्याचा एक जोरदार झोत आला. तसे तिथे येतात, त्यांना ठाऊक होतं. होडी उलटली. त्या राहिलेल्या बोल्टाचा याच्याशी काही संबंध नव्हता, हे मला काकांनी न विचारता सांगितलं, म्हणजे मी विचारणार हे त्यांनी ओळखलं होतं. बंदराच्या लाँचवाल्यांना बाबा थोरलीच्या पालथ्या पोटावर बसलेले सापडले. एरवी तळातून पाण्यात उतरणारी मधली फळी आता वर उभी होती, तिला पाठ टेकून, कमरेचा पट्टा तिलाच अडकवलेला. नाकातोंडात पाणी गेलेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं.

समुद्रावरचे मृत्यू मी पुस्तकांतून पुष्कळ वाचले होते. त्यांतला एकही उपयोगी पडला नाही.

लाँचवाल्यांनी होडी तशीच पालथी ओढत आणली आणि डोलकाठी चिखलाला टेकणार नाही अशा खोल जागी, आमच्या घरासमोरच्या पाण्यात, नांगरून ठेवली. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी तिकडे उघडते. आईने त्या खिडकीचा पडदा ओढून घेतला आणि दिवसाढवळ्या दिवा लावून भाजी चिरायला लागली.

मी रजा घेऊन घरी राहिले. आई रडत नव्हती. कपड्यांच्या घड्या घालत होती, बाबांच्यासुद्धा, धुऊन आलेल्या. मधेच म्हणाली, "घाबरले असतील का ग?"

"माहीत नाही, आई."

"मला तेवढंच कळायला हवं होतं. बाकी काही नाही." तिने एका शर्टाची घडी मोडून पुन्हा घातली. "आणि ती तशी पालथी बघवत नाही मला. मेलेल्या जनावरासारखी. एक तर सरळ करा, नाही तर न्या कुठे तरी."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "त्या रविवारी तू गेल्यावर मला म्हणाले, पोरीला पाठवत जाऊ नकोस. मी म्हटलं, मी कुठे पाठवते? ती आपली येते. तर म्हणाले, तू म्हणणारच असं. खरं वाटलं नाही त्यांना."

घडी घातलेले शर्ट कपाटात ठेवायला गेले आणि कपाटापाशी बराच वेळ उभी राहिले.

दोन-चार दिवसांनी बंदर अधिकारी घरी आले. खुर्चीच्या टोकावर बसले, टोपी मांडीवर धरून. खाडीतला गाळ काढणारं यंत्र येणार होतं आणि होडी त्याच्या वाटेत होती.

"क्रेन तिथवर पोचत नाही," ते म्हणाले. "आहे तशी किनाऱ्याला आणावी तर डोलकाठी रुतून मोडणार. एकच मार्ग राहतो, दांड्या कापायच्या आणि तीन तुकडे वेगवेगळे आणायचे. मला बरं वाटत नाहीये हे सांगताना. मीही मास्तरांच्या वर्गात पाणी प्यायलोय."

"ती उठेल," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आईनेही.

"बाबांनी तशीच बांधली आहे. तळाला बूच आहे. कापायची गरज नाही."

"एवढी मोठी? माणसांच्या वजनाने?" अधिकाऱ्यांनी टोपी डोक्यावर चढवली. "यंत्र सोमवारी लागतंय. शनिवारचा दिवस तुमचा. सोमवारी मात्र माझा नाइलाज आहे."

ते गेल्यावर आई म्हणाली, "हे होते तेव्हा निदान विचारता यायचं."

"काकांना विचारते."

शीडकाका शेडमध्ये मशिनपाशी बसले होते, पण मशिन बंद होतं. मी सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं आणि बराच वेळ सुई पुसत बसले.

"मी आयुष्यभर त्या बुचाची थट्टा केली," ते म्हणाले. "आता ते चाललं तर माझी पंचाईत आणि नाही चाललं तर जास्त पंचाईत." मग उठले. "वजन लागेल. पाण्याची पिशवी आहे मास्तरांची, जाड कापडाची, मीच शिवलेली. ती भरून टांगली की एका माणसाचं काम होतं. तू आहेस पिसासारखी. मी हा असा. आणखी एक तगडा माणूस पाहिजे."

आम्हा दोघांनाही एकदमच मामा आठवला.

मामाची बेकरी आहे आणि तो स्वतःचं सर्वांत निष्ठावान गिऱ्हाईक आहे. फोनवर मी सगळं समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे मी काय करायचं?"

"दोर धरून मागे झुकायचं."

"बस्स?"

"बस्स. वजन हवंय."

तो म्हणाला, "आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पोटाला कोणी बोलावणं धाडलंय. तुझ्या बापाने मला नेहमी होडीच्या मधोमध बसवलं, कडेला येऊ दिलं नाही. येतो."

शनिवारी सकाळी वारा नव्हता. काकांच्या छोट्या मोटरबोटीतून आम्ही तिघं निघालो. पाणी शिशासारखं सपाट होतं आणि त्यावर ती तीन पोटं, शेवाळाची पातळ हिरवी साय आलेली. जवळून ती जनावरासारखी दिसत नव्हती. एखादं टेबल कोणी पुसायला उलटं करून ठेवावं आणि विसरून जावं, तशी दिसत होती.

मी चढले. थोरलीच्या पालथ्या पोटावरून, मधल्या फळीला हात लावून. ती फळी कुठे होती हे मला माहीत होतं आणि तिला हात लावायचा असं मी आधीच ठरवून आले होते. लावला. लाकूड उन्हाने कोमट झालेलं होतं. मग दांडीवरून रांगत डाव्या धाकटीवर गेले.

बूच काढलेलं होतं.

काढलेलं, आणि त्याच्या दोरीने शेजारच्या कडीत अडकवून ठेवलेलं, दोन वेढे आणि वरून एक चिमटा, बाबा सगळ्याच गोष्टींना घालत तसा. हातातून निसटलं म्हणून लोंबकळत नव्हतं. कोणी घाईने उपटून टाकलेलं नव्हतं. बाबा होडीवर चढले होते, पट्टा लावून घेतला होता, बूच काढलं होतं, ते हरवू नये म्हणून नीट अडकवलं होतं, आणि पुढच्या कामाआधी दम खायला फळीला टेकून बसले होते.

"काय झालं?" काका बोटीतून ओरडले.

"काही नाही. बूच उघडंच आहे. त्यांनी उघडलंय."

काकांनी मान खाली घातली आणि बोटीच्या इंजिनाशी उगाच काही तरी करत राहिले. मामाने चष्मा काढून पुसला.

दुपारी वारा उठायला लागला. बाबा वर्गात सांगायचे तेच काका बडबडत होते, जणू पाठांतर: "वारा डोलकाठीच्या बाजूने यायला हवा, म्हणजे तो जाळीत भरतो आणि आपल्याबरोबर ढकलतो. चुकीच्या बाजूने ओढलंत तर वाऱ्याशी कुस्ती." नांगराचा दोर पुढेमागे करून आम्ही होडी फिरवून घेतली. बंदर अधिकारी लाँच घेऊन आले आणि जरा लांब उभे राहिले, हाताची घडी घालून.

पाण्याखालचं झाकण उघडायचं काम माझं. आम्हा तिघांत त्या झाकणाची ओळख मलाच होती. मी दम भरून खाली गेले. हिरव्या अंधारात ते उलटं झाकण बोटांना लगेच सापडलं. किती रविवार मी त्यातून आत-बाहेर केलं होतं. ते सुटलं तशी त्यातून पाणी आत ओढलं जाऊ लागलं. मी वर आले तेव्हा बुचाच्या भोकातून हवा फुसफुसत बाहेर पडत होती, चहाच्या किटलीसारखी.

"अरे, बोलते की ही!" मामा म्हणाला.

धाकटी हळूहळू बसत गेली. मग एकदम. पलीकडची धाकटी पाण्यातून सुटून वर उचलली गेली, पाण्याच्या माळा गाळत, आणि खाली इतके दिवस बुडालेली डोलकाठी पलीकडच्या बाजूला पाण्यावर येऊन आडवी पडली. होडी कुशीवर आली.

इथे बूच लावायचं होतं. भोक पाण्याखाली जाण्याआधी, किंवा गेल्या गेल्या. बाबांचा नियम होता तो: भरली की बूच, मग दोराला हात. मला नियम पाठ होता. पण बूच बाबांनी अडकवलेलं होतं, ते दोन वेढे त्यांच्या हातचे होते. ते सोडवायला माझा हात पुढे होईना. काका दोर फेकत होते, मामा चढताना ओरडत होता, आणि मी तिकडे पाठ फिरवली.

आम्ही तिघं थोरलीच्या पोटावर आणि फळीवर उभे राहिलो, वरच्या धाकटीला बांधलेला दोर हातांत. पाण्याने भरलेली पिशवी दोराला टांगली. काका म्हणाले, "झुका."

झुकलो. काही झालं नाही.

"मामा, पोट दोराच्या मागे न्या, पुढे नाही!"

"ते कुठे जातं हे तेच ठरवतं, मी नाही!"

पुन्हा झुकलो. हात जळत होते. होडी जराशी विचार केल्यासारखी हलली आणि परत बसली. माझ्या मनात सोमवार आला, करवतीचा आवाज, आणि पडद्याआड दिवा लावून बसलेली आई.

"अजून एक माणूस हवा होता," काका दात आवळून म्हणाले.

मागे पाण्यात काही तरी पडल्याचा आवाज झाला. बंदर अधिकारी पोहत येत होते, गणवेशाच्या पँटीसकट. वर चढले, माझ्या मागे दोर धरला आणि धापा टाकत म्हणाले, "पहिल्या दिवशी मास्तरांनी मला असंच उभं केलं होतं. गुडघे वाकवू नका म्हणायचे."

"गुडघे वाकवू नका!" काका ओरडले.

वाऱ्याचा एक झोत आला आणि जाळी फुगली. मला ते दोरातून कळलं. पलीकडून कोणी तरी आपल्याबरोबर जोर लावलाय असं. डोलकाठीचं टोक पाण्यातून सुटलं. मग ती उठायला लागली, आधी अगदी सावकाश, ओल्या शिडातून पाणी धो धो सांडत, आणि मग सावकाशपणा संपला. आमच्या डोक्यावरून वरची धाकटी कोसळत आली, आम्ही चौघं पाण्यात पडलो, आणि एक मोठा धप्प आवाज होऊन होडी आपल्या तीन पोटांवर बसली.

पाण्यातून डोकं वर काढलं तेव्हा आधी मला डोलकाठी दिसली. सरळ, आभाळात. मग मामाचा आवाज ऐकू आला, "मी मेलोय का?" आणि काकांचा, "नाही. पण तुम्ही पडलात, आता गाळ काढायला यंत्र नको."

किनाऱ्याकडे पाहिलं तर आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा बाजूला झालेला होता. आई उभी होती. तिने हात हलवला नाही. दोन्ही हात ओट्यावर टेकून नुसती बघत होती.

पुढचा सगळा वेळ आम्ही पंप मारला. धाकटी पाण्याने भरलेली, होडी डावीकडे कललेली. मामाने मारला, मग काकांनी, मग अधिकाऱ्यांनी. पाणी काही उतरेना.

"हिच्या पोटात समुद्र आहे का?" मामा म्हणाला.

"समुद्रच आहे," मी म्हणाले. "बूच उघडं राहिलंय."

काकांनी पंप खाली ठेवला. ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "मास्तर असते तर पुढचे सहा महिने हा किस्सा वर्गात सांगितला असता." मग मऊ आवाजात, "लावून ये, बाळा. आता लावायला हवं ते."

मी खाली गेले. डोळे उघडे ठेवून चिमटा काढला, ते दोन वेढे सोडवले, एकेक करून, आणि बूच कड्यात पिळून घट्ट बसवलं.

संध्याकाळी होडी धक्क्याला लागली, अख्खी. मी घरी जाऊन ओल्या कपड्यांनिशी स्वयंपाकघरात उभी राहिले.

"आई, बूच त्यांनी काढलं होतं. काढून दोरीने नीट अडकवून ठेवलं होतं. ते घाबरलेले नव्हते. काम करत होते."

आईने गॅस बारीक केला. "चिमटा घातला होता?"

"घातला होता."

"मग ठीक," ती म्हणाली, आणि खुर्चीवर बसली, आणि पदर तोंडाला लावून पहिल्यांदा रडली. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले. खिडकीतून डोलकाठीचं टोक दिसत होतं.

होडी शेडमध्ये लाकडी घोडीवर चढली तेव्हा डाव्या धाकटीच्या तळातून थेंब थेंब पाणी टपकत होतं. कड्याच्या एका बाजूने, जिथे एक बोल्ट लागायचा राहिला होता. एवढे दिवस तो बाबांच्या टेबलावर, वायसर आणि नटासकट, चहाच्या बशीत पडून होता.

"आज रविवार आहे," काका म्हणाले. "कारागीर नाही. आणि असता तरी मी त्याला आत घातला नसता." ते होडीखाली उताणे झाले, गुडघे कुरकुरत. "जा. नट धर."

मी टॉर्च आणि पाना घेऊन झाकणातून आत गेले. आत ओल होती, मिठाचा वास होता आणि त्याखाली जुन्या राळेचा. पूर्वी जिथे कोपर टेकत होतं तिथेच कोपर टेकलं. भोकातून बोल्टाचं टोक आत आलं. मी त्यावर वायसर चढवला, नट लावला, पान्यात पकडला.

बाहेर पान्याचा खडखडाट झाला. मग काकांनी विचारलं, कदाचित विचार न करताच, इतकी वर्षं त्या शेडमध्ये तेच ऐकलेलं म्हणून:

"आहेस का?"

पाना ठोकायला मी हात उचलला होता. तो तसाच धरून ठेवला.

"आहे," मी म्हणाले. माझा आवाज चारी बाजूंनी अंगावर आला आणि मी तो येऊ दिला. "बाबा, मला आई पाठवायची नाही. कुणीच पाठवायचं नाही. मी माझी यायचे. मला इथे आवडायचं."